घरगाडीचं अस्तर

मास्तरांच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की त्याला कापडाचे नमुने नंतर दाखवले जात, आधी स्टूल दाखवलं जाई. मशीनसमोरचं, मास्तर ज्यावर बसून शिवत तेच. गोल, तपकिरी रेक्झिनचं, मधोमध एक बटण. मास्तर उठून उभे राहत, स्टुलावर दोन थापा मारत आणि म्हणत, "दुकान उघडलं त्या दिवशी हे शिवलं. तेव्हापासून याच्यावर बसतोय. आता माझं वजन बघा आणि हे स्टूल बघा. दबलंय कुठे? आपलं काम हे असं!" गिऱ्हाईक मास्तरांचं वजन बघे, ते खरोखर बघण्यासारखं होतं, आणि मुकाट्याने गाडीची किल्ली काढून देई.

मास्तरांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण शिंप्याला मास्तर म्हणतात, आणि गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा शेवटी शिंपीच. फरक एवढाच, की याच्या गिऱ्हाइकांना चाकं असतात आणि माप देताना ती पोट आत ओढत नाहीत. मास्तरांची पायपिंग, म्हणजे कडेचा गोट, सरळ, बटणं एका रेषेत, कोपरे असे की बोट फिरवलं तर शिवण लागायची नाही. "बसल्यावर डोळा लागला नाही तर गादी परत आणा," असं ते प्रत्येकाला सांगत. गाडी चालवणाऱ्यालाही सांगत, हे जरा जास्त होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत आणखी एक मशीन होतं. त्यावर मास्तरांची बायको बसे. दोघांत कामाची वाटणी लग्नाच्या वर्षीच झाली होती आणि ती कुणी केली हे आता कुणालाच आठवत नव्हतं: दर्शनी बाजू मास्तरांची, अस्तर बायकोचं. म्हणजे वरचं रेक्झिन, बटणं, पायपिंग हे पुढच्या खोलीत. आणि खालचे पट्टे, आतली कापडं, दुमडलेल्या कडा, जे जे सीटच्या पोटात किंवा पाठीशी जातं ते मागच्या खोलीत. गिऱ्हाइकाला ती दिसत नसे आणि तिचं कामही दिसत नसे, त्यामुळे दोन्हींबद्दल कधी तक्रार आली नाही. कौतुक व्हायचं ते मास्तरांच्या हाताचं. मास्तर ते दोन्ही हातांनी घेत.

पुढे मुलगा हाताशी आला आणि दुकान त्याने घेतलं. मास्तर निवृत्त झाले, म्हणजे मुलाने एक दिवस हात जोडून सांगितलं, "बाबा, आता घरी बसा." घरी बसणं मास्तरांना जमेना. घरातल्या सगळ्या खुर्च्यांना कव्हरं घालून झाली, मग इस्त्रीला घातलं, मग टेलिफोनला. तेवढ्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने आपलं मोटरहोम विकायला काढलं. बाहेरून मिनीबससारखं दिसणारं, आत पलंग, ओटा, टेबल, मोरी असं सगळं असलेलं ते वाहन मास्तरांनी बघितलं, आतल्या मळक्या गाद्या बघितल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी उघडी फळी, एवढा स्पंज, आणि शिवायला कुणी नाही! त्यांनी ते घेतलं. इंजिन बघितलं नाही. इंजिनाला कव्हर शिवत नाहीत.

त्या गाडीला मास्तर घरगाडी म्हणत. तिच्या आत त्यांनी जे केलं ते बघायला अख्खी गल्ली आली. छताला फिकट पिवळं मऊ अस्तर, पडद्यांना चुण्या, पलंगाच्या डोक्याशी बटणांची जाळी, मोरीच्या दारालासुद्धा गादी. समोर राहणारे वकील बूट काढून आत आले आणि म्हणाले, "मास्तर, हे घर नाही, दागिन्याची डबी आहे." मास्तरांनी ते वाक्य आठवडाभर जेवताना पुन्हा पुन्हा सांगितलं.

पण खरी सीट पुढे होती. ड्रायव्हरच्या शेजारची. ती त्यांनी बायकोसाठी शिवली होती. तिचे पाय आखूड, म्हणून पुढची कड उतरती ठेवली. तिची कंबर दुखते, म्हणून तिथे हाताएवढी उशी आतूनच बसवली. मापं तिला न सांगता, ती बाहेर गेली असताना मागच्या खोलीतल्या तिच्या खुर्चीवरून घेतली. इतक्या वर्षांत तिच्यासाठी शिवलेली ती पहिलीच वस्तू. त्या सीटचं अस्तर मात्र नेहमीप्रमाणे तिनेच शिवलं. स्वतःला मिळणाऱ्या भेटीचं अस्तर स्वतः शिवणारी बायको विरळाच, पण कापड पुढे आलं तसं तिने शिवून परत दिलं, काही विचारलं नाही.

मास्तरांच्या मनात एक होतं आणि ते त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. सगळा संसार दोघांनी एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून केला. तिकडून तिच्या मशीनचा आवाज यायचा, इकडून यांचा. आवाज थांबला की तिचा दोरा संपला असं कळायचं. एवढीच काय ती सोबत. आता एकदा तिने बाजूला बसावं, रस्ता समोर असावा आणि मधे भिंत नसावी, एवढी त्यांची इच्छा होती. पण भिंत काढली तरी मधे काही ना काही येतंच. इथे इंजिन आलं.

अशा गाड्यांचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे असतं आणि त्याच्यावर मोठं पत्र्याचं झाकण असतं. झाकणाच्या खालच्या अंगाला जाड इन्सुलेशन लावलेलं असतं, म्हणजे उष्णता, आवाज आणि वास आत येत नाही. या गाडीतलं ते इन्सुलेशन वय होऊन विरलं होतं. निम्मं गळून पडलं होतं, निम्मं भुसा होऊन लोंबत होतं. पहिल्याच फेरीला बायको परत आली ती एक पाय उचलून. पायाचा घोटा लाल झाला होता. तिने अंगणात बादली मागितली, पाय बुडवला आणि डोळे मिटले.

"लांबच्या प्रवासात थोडं गरम व्हायचंच," मास्तर म्हणाले.

"लांबच्या? अहो, आपण पेट्रोल पंपापर्यंत गेलो होतो."

त्याच सुमारास परगावच्या मुलीचा फोन आला. तिने नवीन घर घेतलं होतं आणि आईने येऊन चांगलं दोन महिने राहावं असा तिचा हट्ट होता. बायकोने फोन ठेवला आणि तिथेच निकाल सांगितला.

"पुढच्या आठवड्यात निघायचं. माझा पाय भाजणार नसेल तर या गाडीने. भाजणार असेल तर मी बसने. तुम्ही या मागून, तुमच्या डबीत बसून."

मास्तर हादरले. ती रागावली असती तर त्यांना चाललं असतं. ती शांत होती, आणि शांत असली की ती बोलल्याप्रमाणे वागते हा आजवरचा अनुभव होता.

त्यांनी फोरमनना बोलावलं. फोरमन म्हणजे मास्तरांचे जुने दोस्त, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पण हुद्दा घरी घेऊन आलेले. त्यांनी झाकण उचललं, बॅटरीचा उजेड मारला आणि नाक मुरडलं.

"हे सगळं खरवडून काढा. पत्रा लख्ख करा. मग नवीन शीट लावा. चकचकीत बाजू इंजिनाकडे. कडेची रबरी पट्टी बदला. झालं."

"झालंच म्हणा," मास्तर म्हणाले. फोरमन गेल्यावर त्यांनी झाकण बंद केलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. वरून. तिथे जित्याची खोड आडवी आली. मास्तरांनी आपल्याशी असा विचार केला: चटका कुठे लागतो? वर. मग जाड कुठे करायचं? वर. शिवाय त्या मळक्या झाकणाखाली डोकं घालून भुसा खरवडायचा, आणि तो कुणी बघणारही नाही, म्हणजे काम केल्यासारखंच वाटणार नाही.

तीन थर फोम, त्याच्यावर तपकिरी रेक्झिन, चौकटीचौकटीत बटणं, कडेने पिवळी पायपिंग. झाकण असं सजलं की दोन सीटच्या मधे एखादा तालेवार पाहुणा बसलाय असं वाटावं. वकील पुन्हा बूट काढून आले. "वा! याच्यावर चहाचा कप ठेवायलासुद्धा जीव होणार नाही," ते म्हणाले आणि कप ठेवून बघितला. घरगाडी जागची न हलता गल्लीत तिचं नाव झालं.

मग ती हलली. जाड केलेलं रेक्झिन कडांवरून खाली दुमडलं होतं, त्यामुळे झाकण पुरतं बसेना. एका बाजूचा चाप लागला, दुसऱ्या बाजूचा पोचलाच नाही. फट राहिली, आणि ती नेमकी बायकोच्या बाजूला राहिली. आधी उष्णता सगळीकडे पसरायची, आता ती शिस्तीत एका फटीतून तिच्या घोट्यावर येऊ लागली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. चौक येईपर्यंत तिने पाय वर घेतला. पूल येईपर्यंत दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. पूल ओलांडल्यावर ती उठली, आधार घेत मागे गेली आणि पलंगावर जाऊन बसली. मास्तर पुढे एकटे, बाजूला उत्तम सीट, मधे उत्तम झाकण.

"काय म्हणतेस?" त्यांनी ओरडून विचारलं.

"इथे बरं आहे," तिने मागून ओरडून सांगितलं. पुन्हा मधे सगळी गाडी आली होती.

संध्याकाळी ती बसस्टँडवर जाऊन तिकीट घेऊन आली. एकच. खिडकीजवळची जागा.

आता मास्तरांनी हातपाय हलवले. नवीन इन्सुलेशन आणलं: फोमची जाड शीट, मधे रबराचा जड थर, एका अंगाला चंदेरी वर्ख. झाकण उघडून त्यांनी खाली बघितलं. जुना भुसा तसाच लोंबत होता. तो खरवडायला दोन दिवस गेले असते. "नाहीतरी कोण बघतंय?" हे मास्तरांनी मनात म्हटलं, आणि आयुष्यभराच्या सवयीने लगेच पटवूनही घेतलं. त्यांनी भुशावरच चिकटवायचं सोल्युशन फासलं, शीट कापून दाबून बसवली, झाकण टाकलं आणि गाडी काढून गल्लीला वळसा घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मुठीखाली तापलेलं इंजिन असेल तर मूठ फार वेळ झाकलेली राहत नाही. पोस्टाच्या कोपऱ्यावर जळका वास आला. पोपडा सुटावा तशी जुन्या भुशासकट नवी शीट सुटून इंजिनावर पडली होती.

निरोप मिळताच आलेल्या फोरमननी ती चिमट्याने ओढून बाहेर काढली. "मास्तर, भिंतीचे पोपडे न काढता कुणी रंग देतं का?"

"वरच्या बाजूला चिकटवलेलं कधी पडलं नाही माझं," मास्तर पुटपुटले.

"वरच्या बाजूला पडणार कुठे? जमीन खाली असते."

सोनारानेच कान टोचले. मास्तर घरी आले. बायको आतल्या खोलीत बॅग भरत होती. साड्यांच्या घड्या घालताना तिने वर बघितलं नाही. मास्तर दाराशी उभे राहिले. त्यांना माफीसारखं काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून धंद्यातलाच प्रश्न आला.

"अगं, खालच्या अंगाला लावलेलं टिकतं कसं?"

तिने एक घडी पुरी केली. "मला काय विचारता? तुमच्या स्टुलाला विचारा."

मास्तरांना वाटलं, टोमणा मारला. रात्रभर त्यांनी तो टोमणा उलटसुलट करून पाहिला आणि सकाळी दुकानात गेले. मुलगा एका नव्या गिऱ्हाइकासमोर उभा होता. त्याने स्टुलावर दोन थापा मारल्या. "बाबांच्या हातचं आहे. दुकान उघडलं तेव्हाचं. दबलंय कुठे?" गिऱ्हाइकाने मास्तरांच्या वजनाकडे आदराने पाहिलं. मास्तरांनी मान डोलावली. गिऱ्हाइकाला गाडीकडे घेऊन मुलगा बाहेर गेला, तसं मास्तरांनी स्टूल उचललं आणि उलटं केलं.

आयुष्यात पहिल्यांदा. उलटं करायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

खाली त्यांनी शिवलेलं काहीही नव्हतं. त्यांनी ताणलेलं पहिलं गोणपाट केव्हाच गेलं होतं. त्या जागी पट्ट्यांची जाळी होती, एकावर एक, आडवी-उभी विणलेली. तिच्यावर कापडाचे तुकडे होते, आणि मास्तर त्यातला प्रत्येक तुकडा ओळखत होते. निळा, डॉक्टरांच्या पहिल्या गाडीचा. चट्ट्यापट्ट्यांचा, शाळेच्या बसचा. मरून, त्या नटव्या कंत्राटदाराचा, ज्याला सगळं मरूनच लागायचं. हिरवा, मुलीच्या लग्नाच्या साली सिनेमागृहाच्या खुर्च्या शिवल्या तेव्हाचा. एक दबला की त्याच्यावर दुसरा, दुसरा फाटला की त्याच्यावर तिसरा. प्रत्येकाची कड आत दुमडलेली, आणि प्रत्येकावर तोच बारीक, दुहेरी, जरासा तिरका टाका. तो टाका साऱ्या जगात एकच माणूस घालत होतं.

मास्तर जमिनीवर बसले. बसायला दुसरं काही नव्हतं.

मुलगा आत आला आणि बाप फरशीवर, मांडीवर उलटं स्टूल, असं बघून थबकला.

"आई करायची," तो म्हणाला. "तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात की. दर वर्षी पट्टे सैल व्हायचेच ना, तुमचं वजन..." तो थांबला. "मला वाटलं, तुम्हाला माहितीय."

"तुला माहिती होतं?"

"सगळ्यांनाच माहिती होतं, बाबा."

वरून कीर्तन आणि आतून तमाशा, असं दुसऱ्यांच्या दुकानांबद्दल मास्तर नेहमी म्हणत. इथे तर उलटंच निघालं होतं. तमाशा वर चालला होता, दोन थापा मारून, इतकी वर्षं. कीर्तन खाली बसून मुकाट्याने होत होतं. मास्तरांना लाज वाटली. रागही आला, पण तो कुणावर काढावा हे ठरेना, म्हणून स्वतःवरच काढला. किती गिऱ्हाइकांसमोर थापा मारल्या! आणि दर वेळी भिंतीपलीकडचं मशीन चालूच असायचं. तिने एकदाही येऊन सांगितलं नाही, की अहो, ते तुमचं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडण मास्तरांनी जिंकलं असतं. कदाचित म्हणूनच.

मग शिंपी जागा झाला. त्यांनी चष्मा लावला आणि त्या खालच्या बाजूची नीट पाहणी केली. कडा आत का दुमडल्यात, म्हणजे दोरा सुटला तरी कापड उसवत नाही. खिळा थेट कापडात नाही, आधी रुंद चकती, मग खिळा, म्हणजे ताण एका भोकावर येत नाही. आणि प्रत्येक नवा तुकडा लावण्याआधी जुन्या तुकड्याचा मळ घासून काढलेला. कुणी बघणार नव्हतं, तरी घासलेला.

निघायला दोन दिवस उरले होते. मास्तरांनी आधी झाकणावरचं आपलं बटणांचं काम उसवलं. ते सगळ्यात जड गेलं. पायपिंग सरळ निघत होती, एवढी चांगली शिवली होती. मग झाकण काढून अंगणात पालथं टाकलं आणि पुट्टीची पट्टी घेऊन खरवडायला बसले. काळा भुसा केसांत गेला, बनियनमध्ये गेला, तोंडात गेला. जुनं सोल्युशन डांबरासारखं चिकटून होतं. ते रॉकेलच्या बोळ्याने मऊ करून, तारेच्या ब्रशने घासून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रा असा लख्ख झाला की त्यात आपलं तोंड दिसेल. मास्तरांनी बघितलं आणि ते बघण्यासारखं नव्हतं. बायको दारात आली, तिथल्या त्या काळ्या माणसाकडे तिने क्षणभर पाहिलं, चहाचा कप पायरीवर ठेवला आणि आत गेली. झाकणाकडे तिने नजरसुद्धा टाकली नाही.

मास्तरांनी जुन्या कागदाचा फर्मा कापला, तो झाकणाच्या पोटात बसवून पाहिला, कोपऱ्यात चिमटीएवढा कमी केला, पुन्हा बसवला. मग शीट कापली. चकचकीत बाजू इंजिनाकडे. सोल्युशन दोन्हीकडे लावून, वाळू देऊन, मधून कडेकडे दाबत नेलं. रुंद चकत्या टाकून स्क्रू मारले. कडा आत दुमडल्या. जोडांवर चंदेरी टेप ओढली, नखाने घासून. कडेला नवी रबरी पट्टी बसवली. झाकण टाकलं, तर दोन्ही चाप टक्कन लागले. एवढा चांगला आवाज मास्तरांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

वकील आलेच. बूट अर्धवट काढले आणि थांबले. "अरे! बटणं कुठे गेली? आधीचंच बरं होतं, मास्तर."

मास्तरांना राहवलं नाही. चाप काढून त्यांनी झाकण वर उचललं. खाली सगळं चांदीसारखं लख्ख, जोड न् जोड सरळ, चकत्या एका रेषेत.

वकिलांनी वाकून बघितलं. "हं," ते म्हणाले. "इंजिन आहे." आणि बूट पुन्हा घातले.

निघायच्या सकाळी बायको बॅग घेऊन बाहेर आली. तिकीट तिच्या पर्समध्ये होतं, आणि पर्स तिने काखेत घट्ट धरली होती.

"स्टँडपर्यंत सोडा," ती म्हणाली. "तेवढ्यात कळेलच."

मास्तरांनी झाकणाच्या चापाला हात घातला. दोन दिवस ते याच घटकेची वाट बघत होते. वकिलाला कळलं नाही तर नाही. जिला कळणार ती ही होती. "जायच्या आधी जरा बघतेस का? खालून?"

"बघायचं काय त्यात? पायाला कळेल."

ती सीटवर बसली. मास्तरांचा हात चापावर तसाच राहिला. एवढं काम करावं आणि ज्या माणसाने बघावं त्यानेच बघू नये, हे त्यांना फार लागलं. मग ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं असंच काम केलं ती शेजारी बसून पर्सचा बंद नीट करतेय हे लक्षात आलं, आणि त्यांनी हात काढून घेतला. गाडी सुरू केली.

चौक गेला. तिचा पाय खालीच होता. पूल गेला. पाय खालीच. मास्तर रस्त्याकडे कमी आणि त्या पायाकडे जास्त बघत होते. एका सायकलवाल्याने त्यांना त्याबद्दल ऐकवलंही. इंजिन कुठेतरी लांब, दुसऱ्या कुणाच्या गाडीत चालू असल्यासारखं घुमत होतं. दाणा बाजार संपला तेव्हा तिने चप्पल काढली. तिने उघडा तळवा झाकणाच्या पत्र्याला लावला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग तिथेच टेकवून ठेवला.

स्टँड आलं. मास्तरांनी वेग कमी केला.

"का थांबताय?"

"स्टँड आलं."

"मला दिसतंय," ती म्हणाली आणि समोर बघत राहिली.

मास्तरांनी गिअर टाकला. स्टँडची कमान मागे गेली. आता बोलायला रस्ता मोकळा होता आणि मधे भिंत नव्हती, पण इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलेलं नेमकं कुठून उसवायला घ्यावं हे त्यांना समजेना.

"स्टुलाखालचा हिरवा तुकडा सुटत आलाय," शेवटी ते म्हणाले.

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"माहितीय. परत आल्यावर घालीन टाका."

"नको. मी घालतो."

"तुम्हाला अस्तराचा टाका येत नाही."

"मग शिकव."

"बघू," ती म्हणाली. "आधी गाडी नीट चालवा."

मास्तर नीट चालवू लागले. पुढच्या वळणावर त्यांना सांगायचं होतं, की खाली चकत्यासुद्धा टाकल्यात, रुंद, तुझ्यासारख्या. त्यांनी बाजूला बघितलं. तिची मान उशीला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं, पाय झाकणावर होता. तिचा डोळा लागला होता. सीट परत आणायचं कारण उरलं नव्हतं.

मागून हॉर्न वाजला. तिची बस होती, स्टँडवरून सुटलेली. एरवी मास्तरांनी कुणाला पुढे जाऊ दिलं नसतं. त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली, हॉर्नने ती जागी होऊ नये म्हणून हाताने खूण केली, आणि बसला वाट दिली. बस शेजारून गेली. भरलेली होती. खिडकीजवळची एक जागा तेवढी रिकामी होती.